डेव्हिड बोम : गर्दीतली लाट शोधणारा माणूस

हुपरीत सकाळी कुठल्याही गल्लीत शिरा, घराघरांत एकच काम चाललेलं दिसेल. कुठं चांदीची आटणी, कुठं तार ओढणं, कुठं कड्या जोडणं, कुठं पैंजणाला घुंगरू बसवणं. हातकणंगले तालुक्यातलं आमचं हे गाव चांदीवर जगतं. त्यामुळे चांदीबद्दल कुणी चांगलं बोललं की हुपरीच्या पोराची छाती उगाचच फुगते. फर्स्ट इयरला फिजिक्सच्या तासाला सरांनी फळ्यावर तक्ता काढला : साध्या तापमानाला वीज सगळ्यात चांगली वाहून नेणारा धातू चांदी, तांबं दुसरं, सोनं तिसरं. त्या दिवशी मेसमध्ये मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या. पण पुढं सुपरकंडक्टिव्हिटीचं प्रकरण आलं आणि सगळी हवा गेली. शिसं, पारा, कथील, अ‍ॅल्युमिनियम हे धातू पुरेसे थंड केले की त्यांचा रोध पार शून्य होतो. शुद्ध चांदी मात्र कितीही थंड करा, सुपरकंडक्टर झालेली आजवर कुणी पाहिलेली नाही.

या कोड्याच्या मागं लागलो तेव्हा एक नाव सारखं समोर येऊ लागलं. डेव्हिड बोम. आपल्या सिलॅबसमध्ये या माणसाचा फोटो नाही, त्याच्या नावाचा दहा मार्कांचा प्रश्नही येत नाही. पण चांदी का चमकते, धातूतले कोट्यवधी इलेक्ट्रॉन एका लाटेत कसे हलतात, आणि आज ज्यांच्यावर जगभर डोकेफोड चालली आहे त्या थराथरांच्या सुपरकंडक्टरांत ही लाट कशी वागते, या सगळ्याच्या मुळाशी त्यांचं काम आहे. आणि ते काम ऐन भरात असताना त्यांच्या देशानं त्यांना नोकरीवरून, विद्यापीठातून आणि शेवटी देशातूनच बाहेर ढकललं. मित्रांनो, हा लेख त्यांच्याबद्दल.

बोम यांचा जन्म २० डिसेंबर १९१७ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्क्स-बॅरी या कोळशाच्या खाणींच्या गावात. वडील ज्यू, युरोपातून आलेले, गावात फर्निचरचं दुकान चालवायचे. आईची मानसिक प्रकृती ठीक नसायची. घरात शांतता कमीच. पोरगा विज्ञानकथांत आणि आकाशातल्या ताऱ्यांत रमायचा, आणि धंदेवाईक वडिलांना ते काही पटायचं नाही. लहानपणी त्यानं थेंब न सांडणारी चहाची किटली तयार केली होती. वडील म्हणाले, हे विकून पैसे मिळव. पण त्यासाठी आधी दारोदार फिरून लोकांना विचारत बसावं लागेल असं कळलं, आणि पोरानं धंद्याचा नाद तिथंच सोडला. आमच्याकडं असा पोरगा निघाला असता तर आज्जीनं कपाळाला हात लावला असता.

१९३९ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजातून पदवी घेऊन तो कॅलिफोर्नियाला गेला. थोडा काळ कॅलटेकमध्ये काढला, पण तिथं सगळी परीक्षांची आणि गणितं सोडवण्याची स्पर्धा. मुळातून विचार करायला कुणाला वेळ नाही, असं त्याला वाटलं. म्हणून १९४१ मध्ये बर्कलीला रॉबर्ट ओपेनहायमर यांच्याकडं पीएच.डी.ला दाखल झाला. तेव्हा जग पेटलेलं होतं. हिटलरला कुणीतरी थांबवायला हवं आणि ते रशियाच करेल, असं त्या काळातल्या अनेक तरुणांना वाटत होतं. बोमही १९४२ च्या नोव्हेंबरात कम्युनिस्ट पक्षात गेला. सभा कंटाळवाण्या निघाल्या, आणि सुमारे नऊ महिन्यांत तो बाहेर पडला. मार्क्सच्या विचारांची ओढ मात्र पुढं बरीच वर्षं राहिली. ती १९५६ च्या हंगेरीतल्या घटनांनंतर सुटली. पण पक्षातले ते नऊ महिने आयुष्यभर पाठीला चिकटले.

पहिला फटका पीएच.डी.तच बसला. ओपेनहायमर अणुबॉम्बच्या कामासाठी लॉस अलामॉसला गेले. त्यांना बोम तिथं हवे होते, पण लष्करानं परवानगी नाकारली. दरम्यान बोम यांनी प्रोटॉन आणि ड्यूटेरॉन यांच्या टकरींवर जी गणितं केली होती ती बॉम्बच्या कामाला उपयोगी निघाली आणि लगेच गुप्त ठरवली गेली. म्हणजे स्वतः केलेलं काम स्वतःलाच हातात घ्यायला बंदी ! थिसिस लिहिता येईना, तोंडी परीक्षाही देता येईना. शेवटी ओपेनहायमर यांनी विद्यापीठाला कळवलं, की काम पुरं झालंय आणि उत्तम झालंय. त्या शब्दावर १९४३ मध्ये पदवी मिळाली. फायनल इयरला प्रोजेक्ट रिपोर्टच्या बाइंडिंगसाठी रात्रभर जागणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी अशीच आहे.

आता चांदीकडं येऊ. युरेनियमच्या दोन जाती वेगळ्या करायच्या तर एक मार्ग असा : युरेनियमच्या क्षाराची वाफ करायची, विजेच्या ठिणगीनं तिचे आयन करायचे आणि ते चुंबकीय क्षेत्रातून वळवायचे. हलका आयन लहान वळण घेतो, जड मोठं. या यंत्राला कॅल्युट्रॉन म्हणत. बर्कलीला त्याची आखणी झाली आणि टेनेसी राज्यात ओक रिज इथं कारखाना उभा राहिला. चुंबकाच्या गुंडाळ्यांना प्रचंड तांबं लागणार होतं. पण युद्धात तांबं काडतुसांना आणि तोफगोळ्यांना जात होतं. मग काय केलं ? सरकारी तिजोरीतली चांदी उसनी घेतली ! थोडीथोडकी नाही, सुमारे १३,३०० टन. तिच्या लांबच लांब पट्ट्या ओढून गुंडाळ्या केल्या. युद्ध संपल्यावर यंत्रं सुटी करून पुसून काढली, खालच्या लाकडी फळ्या उखडून जाळल्या आणि त्यांच्या राखेतूनही चांदी वेचली. शेवटचा हिस्सा १९७० मध्ये तिजोरीत परत गेला. तूट फारच थोडी आली, असा हिशेब लागला. सराफाच्या दुकानापुढची माती धुऊन सोनं-चांदी काढणारे आपले झारेकरी याला नक्की मान डोलावतील.

याच कॅल्युट्रॉनच्या पोटात काय चालतं याचं गणित करणं हे बोम यांचं युद्धकाळातलं काम होतं. ठिणगीतला वायू म्हणजे प्लाझ्मा : सुटे इलेक्ट्रॉन आणि सुटे आयन यांचा खदखदता काला. चुंबकीय क्षेत्र वाढवलं की हा प्लाझ्मा बांधून राहील, गळती क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होईल, असं पुस्तकी गणित सांगायचं. प्रत्यक्षात गळती कितीतरी जास्त निघाली आणि ती क्षेत्राच्या फक्त पहिल्या घाताच्या प्रमाणात घटत होती. बोम यांनी त्यासाठी जे सूत्र सुचवलं ते आजही बोम डिफ्यूजन म्हणून ओळखलं जातं. प्लाझ्मा भिंतीजवळ येतो तिथं आयनांचा किमान वेग किती हवा, याची अट म्हणजे बोम क्रायटेरियन. चिप बनवताना सिलिकॉनवर प्लाझ्मानं रेघा कोरतात, त्या हिशेबात ही अट आजही वापरतात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी नोंद घ्यावी.

पण बोम यांना वेड लावलं ते निराळ्याच गोष्टीनं. प्लाझ्मातला प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या मर्जीनं इकडंतिकडं धावत असतो, तरी सगळे मिळून एका तालात डोलतात. आपल्याकडं जोतिबाच्या चैत्र यात्रेला डोंगरावर गर्दी उसळते. कुणी दर्शनाला निघालेला, कुणी सासनकाठी धरलेला, कुणी हरवलेल्या पोराला शोधणारा. प्रत्येकाचं चालणं वेगळं. तरी एका टोकाला रेटा बसला की तो गर्दीतून सरकत पार दुसऱ्या टोकाला जातो. इलेक्ट्रॉनांत हा रेटा विजेचा असतो. एका जागी इलेक्ट्रॉन जास्त झाले की ते एकमेकांना लोटतात, बाहेर पडतात, जरा जास्तच बाहेर जातात, मग मागं राहिलेला धन भार त्यांना परत ओढतो. असं पुढं-मागं चालू राहतं. या झोक्याची वारंवारता इलेक्ट्रॉन किती दाट आहेत त्याच्या वर्गमुळावर ठरते. बोम यांना यात माणसांच्या समाजाचं चित्र दिसायचं : प्रत्येकजण मोकळा, तरी सगळे मिळून एक. सगळ्यांनी एकसारखं चालायची सक्ती नाही, आणि तरीही एकोपा.

१९४७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर झाल्यावर त्यांनी हा विचार धातूंवर लावला. धातू म्हणजे तरी काय ? जागच्या जागी बसलेले धन आयन आणि त्यांच्यामधून फिरणारे मोकळे इलेक्ट्रॉन. म्हणजे अतिशय दाट प्लाझ्माच. अडचण अशी, की विजेचा रेटा लांबवर पोचतो. एक इलेक्ट्रॉन हलला की त्याची झळ सगळ्यांना. एवढ्या सगळ्यांचं गणित एकदम करायचं कसं ? त्यांचा विद्यार्थी डेव्हिड पाइन्स याच्याबरोबर बोम यांनी वाट काढली. सगळ्यांचं मिळून जे डोलणं आहे ते आधी वेगळं काढायचं. ते काढलं की लांबवरचा रेटा त्या डोलण्यातच जमा होतो, आणि मागं उरतात ते इलेक्ट्रॉन, ज्यांचा एकमेकांना फक्त जवळून धक्का लागतो. प्रत्येक इलेक्ट्रॉनाभोवती इतरांनी मोकळी केलेली थोडी जागा असते, आणि ती घेऊनच तो हिंडतो. यातलं अंदाजाचं गणित रँडम फेज अ‍ॅप्रॉक्सिमेशन या नावानं आज पदार्थविज्ञानाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलेलं आहे. त्या सामूहिक डोलण्याच्या एका पुंजाला पुढं १९५६ मध्ये पाइन्स यांनी प्लाझ्मॉन हे नाव दिलं.

आणि इथंच हुपरीच्या पैंजणाची चमक सापडते. ज्या प्रकाशाची वारंवारता प्लाझ्मॉनपेक्षा कमी, त्याला धातूतले इलेक्ट्रॉन मिळून परतवून लावतात. चांदीच्या प्लाझ्मॉनची ऊर्जा सुमारे ३.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या जांभळ्याच्याही पलीकडं. म्हणून तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे सगळे रंग चांदी सारखेच परतवते आणि पांढरी शुभ्र लखलखते. सोनं आणि तांबं निळ्या बाजूचा काही प्रकाश गिळतात, म्हणून ते पिवळे-तांबूस दिसतात.

बोम आणि पाइन्स यांच्या या मालिकेतला पहिला लेख १९५१ चा, दुसरा १९५२ चा आणि तिसरा १९५३ चा. तिसरा छापून आला तेव्हा बोम अमेरिकेत नव्हतेच. मधल्या काळात काय घडलं ते सांगायला हवं.

युद्धानंतर अमेरिकेत कम्युनिस्टांच्या भीतीनं कहर केला होता. १९४९ मध्ये संसदेच्या चौकशी समितीनं बोम यांना बोलावलं. बर्कलीतल्या जुन्या सोबत्यांपैकी कोण कोण पक्षात होतं, कोण कुणाशी काय बोललं, हे त्यांनी सांगावं अशी अपेक्षा होती. नावं दिली असती तर कदाचित सुटले असते. त्या काळात तसे सुटलेले लोक होते. बोम यांनी नावं दिली नाहीत. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनेनं दिलेला हक्क त्यांनी पुढं केला आणि ते गप्प राहिले. ४ डिसेंबर १९५० ला समितीच्या अवमानाबद्दल त्यांना अटक झाली. विद्यापीठानं निलंबित केलं आणि कॅम्पसमध्ये पाऊल टाकायला बंदी केली. मे १९५१ मध्ये कोर्टानं निर्दोष सोडलं. पण महिन्याभरात प्रिन्स्टनची मुदत संपत होती, आणि ती वाढवली गेली नाही. पुढं अमेरिकेतल्या एकाही विद्यापीठानं त्यांना दार उघडलं नाही. गंमत बघा, त्याच १९५१ मध्ये त्यांचं क्वांटम थिअरीवरचं पाठ्यपुस्तक बाजारात आलं. पुस्तक वर्गांत शिरलं आणि लेखक वर्गाबाहेर.

अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या शिफारशीनं ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठात जागा मिळाली. ऑक्टोबर १९५१ मध्ये बोम तिथं पोचले. थोड्याच दिवसांत अमेरिकन वकिलातीनं पासपोर्ट काढून घेतला; आता परत जायचं तर फक्त अमेरिकेला जाता येईल, दुसरीकडं कुठं नाही. तिथलं जेवण मानवेना, पोट सारखं बिघडायचं, भाषा येत नव्हती. मेसच्या आमटीला नावं ठेवणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही त्यांची अवस्था समजेल. फरक एवढाच की आपण शनिवारी एसटीनं घरी जातो. त्यांना घरी जायचा रस्ताच उरला नव्हता. १९५४ मध्ये त्यांनी ब्राझीलचं नागरिकत्व घेतलं, तेव्हा कुठं प्रवास करता आला. अमेरिकेचं नागरिकत्व गेलं, ते परत मिळायला १९८६ उजाडलं.

अशा एकटेपणातही डोकं थांबलं नाही. १९५२ च्या जानेवारीत त्यांचे दोन लेख आले. क्वांटम थिअरीत कणाला ठरलेली वाट नसते असं मानण्याची सक्ती नाही. कणाला वाट आहे आणि एक लाट त्याला दिशा देते, असं धरूनही तीच उत्तरं येतात, हे त्यांनी गणितानं दाखवलं. लुई द ब्रॉयी यांनी १९२७ मध्ये असाच विचार मांडून सोडून दिला होता. तेव्हाच्या बहुतेक बड्या शास्त्रज्ञांनी या लेखांकडं पाठ फिरवली. विरोध झाला असता तरी चाललं असतं, पण वाट्याला आली ती बरीचशी शांतता. हेच लेख वाचून जॉन बेल यांना प्रश्न पडला आणि त्यातून १९६४ चं बेलचं प्रमेय निघालं. ते प्रमेय प्रयोगानं तपासणाऱ्या तिघांना २०२२ चं नोबेल मिळालं. तोवर बोम यांना जाऊन तीस वर्षं झाली होती.

इकडं प्लाझ्मॉनची गोष्ट त्यांच्यावाचून पुढं गेली. पाइन्स १९५२ मध्ये इलिनॉय विद्यापीठात जॉन बार्डीन यांच्याकडं गेले. बार्डीन सुपरकंडक्टिव्हिटीच्या मागं लागले होते. त्यांची अडचण ही, की दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, मग ते जोडी कसे करतील ? बोम-पाइन्स यांच्या पद्धतीनं लांबवरचा रेटा बाजूला झाला. राहिलेल्या कमजोर ढकलण्यावर धातूच्या जाळीतल्या कंपनांमुळे येणारी ओढ मात करू शकते, हे १९५५ मध्ये बार्डीन आणि पाइन्स यांनी दाखवलं. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांची बीसीएस थिअरी आली. माझ्या चांदीच्या कोड्याचं उत्तरही त्यातच आहे. चांदीचे इलेक्ट्रॉन जाळीच्या कंपनांना फारसे अडकत नाहीत, म्हणून साध्या तापमानाला ती इतकी छान वीज वाहते. पण जोडी जमवायला तीच अडकण लागते ! शिसं आणि पारा वीज वाहण्यात चांदीच्या पुष्कळ मागं, पण शिसं ७.२ केल्विनला आणि पारा ४.२ केल्विनला सुपरकंडक्टर होतो. जो गुण एका परीक्षेत पहिला नंबर देतो, तोच दुसऱ्या परीक्षेत नापास करतो.

बोम तोवर तिसऱ्या देशात होते. १९५५ मध्ये ते इस्रायलच्या हैफा शहरातल्या टेक्निऑन या इंजिनिअरिंग संस्थेत गेले. तिथं सारा वुल्फसन भेटल्या आणि १९५६ मध्ये लग्न झालं. १९५७ मध्ये इंग्लंडमधलं ब्रिस्टल, आणि १९६१ पासून लंडनचं बर्कबेक कॉलेज, जिथं नोकरी करणारे लोक संध्याकाळी शिकायला येतात. तिथं मात्र ते अखेरपर्यंत रमले. हैफातला विद्यार्थी याकिर अहारोनोव ब्रिस्टलला त्यांच्याबरोबर होता. दोघांनी १९५९ मध्ये दाखवलं, की इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रातून अजिबात गेला नाही, नुसता त्याच्या बाजूनं गेला, तरी त्याच्या लाटेत फरक पडतो. लोकांना पटेना. १९८६ मध्ये जपानच्या तोनोमुरा यांच्या गटानं इवल्याशा चुंबकाच्या कड्यावर नायोबियम या सुपरकंडक्टरचं कवच चढवलं, म्हणजे क्षेत्र बाहेर गळायलाच नको, आणि प्रयोग केला. फरक पडलेला दिसला. वाद बऱ्यापैकी मिटला.

त्याच १९८६ मध्ये झुरिकला बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडचा सुपरकंडक्टर सापडला आणि १९८७ मध्ये ९३ केल्विनला चालणारा इट्रियमचा प्रकार आला. हे पदार्थ थराथरांचे असतात. आपल्या हॉस्टेलसारखं समजा. प्रत्येक मजल्याच्या गॅलरीत पोरं हवी तशी पळतात, पण वरच्या मजल्यावर जायचं तर जिना अरुंद. इलेक्ट्रॉन तांबं-ऑक्सिजनच्या थरात मोकळे, आणि एका थरातून दुसऱ्यात कष्टानं जातात. जोडीही साध्या धातूंसारखी नाही. काही दिशांना ती घट्ट, काही दिशांना तिचा जोर शून्य. ही जोडी कशानं जमते याबद्दल अजून एकमत नाही.

आणि इथं बोम यांची लाट पुन्हा पुढं येते. इलेक्ट्रॉन जिन्यानं कमी जातात हे खरं, पण विजेचा रेटा छतातून आरपार जातो. सगळ्या मजल्यांवरची गर्दी एकाच वेळी एकाच बाजूला झुकली तर सगळा भार एकीकडं साठतो आणि त्या डोलण्याला ऊर्जा जास्त लागते. एका मजल्याची गर्दी डावीकडं आणि वरच्याची उजवीकडं झुकली तर भार एकमेकांना बराचसा फेडून टाकतात, आणि फार कमी ऊर्जेत डोलणं चालतं. साध्या चांदीत असल्या कमी ऊर्जेच्या लाटा पोटात नसतात. थरांच्या पदार्थात असायला हव्यात, असं गणित १९७० च्या दशकापासून सांगत होतं. प्रत्यक्ष दिसायला २०१८ उजाडलं. क्ष-किरण थरांवर पाडायचे, परत येताना त्यांची किती ऊर्जा कमी झाली आणि दिशा किती वळली ते मोजायचं, या पद्धतीनं तांब्याच्या ऑक्साइडमधल्या लाटा सापडल्या. थरांना आडव्या दिशेनं पाहिलं की लाटेची ऊर्जा बदलत होती. म्हणजे मजले खरोखर एकमेकांशी विजेनं बोलत होते. आणखी एक गंमत. पदार्थ सुपरकंडक्टर झाला की जोड्या थराथरांतून आरपार झिरपू लागतात आणि त्यांचंही एक मंद डोलणं सुरू होतं. याची ऊर्जा इतकी कमी की जोडी मोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्याही खाली, त्यामुळे ते सहज विरत नाही. या लाटांचा जोड्या जमवण्यात किती वाटा, हा प्रश्न आजही उघडा आहे. आपल्यापैकी कुणी एम.टेक.नंतर तिकडं वळणार असेल तर काम पडून आहे.

लांब कशाला, आपल्या मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९९४ मध्ये इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांचा सुमारे १२ केल्विनला चालणारा सुपरकंडक्टर जाहीर झाला, आणि त्यातून थरांच्या रचनेचं एक नवं कुटुंबच जगापुढं आलं. त्याच संस्थेत २०१६ मध्ये बिस्मथ हा धातू ०.०००५३ केल्विनला सुपरकंडक्टर होतो असं दिसलं. तेव्हा चांदीबद्दलही आशा सोडू नये, असं हुपरीकर म्हणून मला वाटतं !

बोम यांचं उत्तरायुष्य आपल्याकडच्या पुष्कळ वाचकांना वेगळ्या कारणानं माहीत असतं. जे. कृष्णमूर्ती यांचं एक पुस्तक सारा यांना ब्रिस्टलच्या वाचनालयात दिसलं आणि १९६१ मध्ये बोम आणि कृष्णमूर्ती यांची भेट झाली. पुढची सुमारे पंचवीस वर्षं दोघांचे संवाद चालू राहिले. त्यांची पुस्तकंही झाली. शास्त्रज्ञ त्यांच्यावर या कारणासाठी हसलेही. पण बोम यांच्या मनातला प्रश्न जुनाच होता : प्रत्येकजण सुटा आणि तरी सगळं एक, हे कसं ? प्लाझ्मात त्याचं उत्तर मिळालं होतं, माणसांत ते शोधत होते. ते सहज मिळालं असंही नाही. १९८१ मध्ये हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली. नैराश्यानं त्यांना अनेकदा घेरलं, १९९१ मध्ये तर हॉस्पिटलात राहावं लागलं. १९९० मध्ये रॉयल सोसायटीनं फेलो केलं, तेव्हा वय बहात्तर. २७ ऑक्टोबर १९९२ ला बेसिल हायली यांच्याबरोबरच्या पुस्तकाचं काम करून कॉलेजातून टॅक्सीनं घरी निघाले आणि घराजवळ पोचता पोचता टॅक्सीतच गेले. पुस्तक पुढच्या वर्षी आलं.

आपण हॉस्टेलवर राहतो. इथं रोज कुठली ना कुठली लाट असते. मास बंक असतो, ग्रुप असतात, रेक्टर सरांपुढं उभं राहून नावं सांगायची वेळही कधी येते. अशा वेळी काय करावं हे सांगायचा अधिकार मला नाही. एवढंच दिसतं, की ज्या माणसानं सामूहिक लाटेचं गणित जगाला दिलं, तो स्वतः समितीपुढं एकटा उभा राहिला आणि मित्रांची नावं त्यानं दिली नाहीत. त्याची किंमत घर, देश आणि चाळीस वर्षं एवढी पडली. ज्यांची नावं त्यानं दिली नाहीत त्यांना त्याचा किती उपयोग झाला, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण त्याचं गणित पुसता आलं नाही. ते सॉफ्टवेअरमध्ये आहे, चिपच्या कारखान्यात आहे, क्ष-किरणांच्या प्रयोगशाळेत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो की आटणीच्या मुशीशेजारी बसतो. वितळलेली चांदी साच्यात पडते, थंड होते, घासली की चमकायला लागते. पूर्वी ती नुसती चमक वाटायची. आता तिच्यात सगळ्या इलेक्ट्रॉनांनी मिळून परतवलेला प्रकाश दिसतो, आणि तो ओळखायला शिकवणारा, घरापासून लांब राहिलेला एक गप्प माणूस आठवतो.